पांढुर्ण्याचा नवखा, सौंसरचा जुना आणि न झालेली निवडणूक

मध्य प्रदेश विधानसभेच्या गेल्या निवडणुकीचा कार्यक्रम आयोगाने ९ ऑक्टोबर २०२३ रोजी जाहीर केला. भारतीय जनता पक्षाने मात्र आपली पहिली यादी त्याआधीच, १७ ऑगस्टला, बाहेर काढली होती. मतदान १७ नोव्हेंबरला झाले. म्हणजे यादी आणि मतदान यांत नेमके तीन महिने होते. त्या यादीत ३९ नावे होती आणि ती प्रामुख्याने २०१८ मध्ये पक्षाने गमावलेल्या जागांची होती. नागपूरच्या उत्तरेला, राज्याची सीमा ओलांडताच लागणारे पांढुर्णा आणि सौंसर हे दोन मतदारसंघ त्यांत होते. दोन्हीकडे बाजारात आणि घरात मराठी चालते. संत्र्याचा माल नागपूरकडे जातो आणि राजकारणाचे निर्णय छिंदवाडा, भोपाळ व दिल्लीहून येतात.

या शेजारी मतदारसंघांत पक्षाने परस्परविरोधी दोन वाटा धरल्या. अनुसूचित जमातींसाठी राखीव असलेल्या पांढुर्ण्यात न्यायाधीशपद सोडून राजकारणात आलेले प्रकाश उईके यांना काँग्रेसचे विद्यमान आमदार नीलेश उईके यांच्यासमोर उभे करण्यात आले. सौंसरमध्ये माजी राज्यमंत्री नानाभाऊ मोहोड यांनाच पुन्हा संधी मिळाली. ते २०१८ मध्ये ज्या विजय चौरे यांच्याकडून हरले होते, त्यांच्याशीच त्यांची पुन्हा गाठ होती. एके ठिकाणी नवा चेहरा, दुसरीकडे मुरलेला. ३ डिसेंबरला निकाल लागला, तेव्हा राज्यातील २३० पैकी १६३ जागा भाजपने जिंकल्या होत्या. परंतु पांढुर्ण्याचा नवखा हरला आणि सौंसरचा जुनाही हरला. जुन्या छिंदवाडा जिल्ह्यातील सातही जागा २०१८ प्रमाणे काँग्रेसकडेच राहिल्या.

नवा चेहरा दिला की सत्ताविरोधी मतांचा लाभ होतो, हे आपल्याकडे सूत्रासारखे सांगितले जाते. या दोन निकालांनी ते सूत्र निदान त्या पट्ट्यापुरते खोटे ठरवले. पराभवाची कारणे स्थानिक असतील, कमलनाथ यांचा त्या भागावरील जम हे त्यांतले सर्वांत मोठे. मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो त्याआधीचा प्रश्न. प्रकाश उईके यांची निवड कोणी केली? नीलेश उईके यांची तरी कोणी केली होती? पांढुर्ण्यात २०१३ साली काँग्रेसचे जतन उईके निवडून आले होते. २०१८ मध्ये पक्षाने विद्यमान आमदाराऐवजी नीलेश उईके यांना उमेदवारी दिली आणि ते जिंकले. म्हणजे त्या वर्षी पांढुर्ण्यात विद्यमान आमदाराला त्याच्याच पक्षातील दुसऱ्या माणसाने खरोखर बाजूला सारले होते. फक्त ती लढत मतदारांनी पाहिली नाही. तिथे मते पडली नाहीत, मोजली गेली नाहीत, आणि जतन उईके कशात कमी पडले हे पांढुर्ण्याच्या मतदाराला अधिकृतपणे कधी सांगण्यात आले नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामधल्या जाम नदीच्या पात्रात गोटमार होते. तिच्यावर टीका करावी तेवढी थोडी; प्रशासन दर वर्षी ती थोपवण्याचा प्रयत्न करते आणि दर वर्षी डोकी फुटतात. पण दगड कोणत्या काठावरून आला हे तिथे सर्वांना दिसते. उमेदवारीच्या लढाईत तेवढीही सोय नाही.

अमेरिकेत या लढतीला मतपेटी दिलेली आहे. तिथल्या बहुतेक राज्यांत पक्षाचा उमेदवार ‘प्रायमरी’तून ठरतो, ती सरकारी यंत्रणा घेते आणि सामान्य मतदार तीत मत देतो. विद्यमान आमदारालाही आपल्याच पक्षातील आव्हानवीराला तोंड द्यावे लागते. या वाटेने गेलेला एक मराठी माणूस आपल्या परिचयाचा आहे. चिकोडीत जन्मलेले आणि बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रायमरीत उतरले आणि तिसरे आले. राजकारणात पूर्ण नवे, पण पदरचा पैसा भरपूर. २०२० मध्ये ते डेट्रॉइटमधून राज्याच्या प्रतिनिधिगृहात गेले, २०२२ मध्ये बऱ्याच उमेदवारांच्या गर्दीत प्रायमरी जिंकून अमेरिकी काँग्रेसमध्ये पोहोचले. तेव्हापासून पारडे फिरले आहे. आता विद्यमान ते आहेत आणि आव्हान देणारे दुसरे. २०२४ च्या प्रायमरीत डेट्रॉइटच्या नगरसेविका मेरी वॉटर्स त्यांच्याविरुद्ध उभ्या होत्या. ठाणेदार जिंकले; पण जिंकावे लागले. ‘पक्षश्रेष्ठींचा आशीर्वाद आहे’ एवढ्यावर त्यांना भागवता आले नाही.

हा प्रयोग आपल्याकडे झालाच नाही असे नाही, आणि तो पांढुर्ण्यापासून फार दूरही झाला नाही. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीआधी राहुल गांधी यांच्या आग्रहाने काँग्रेसने देशातल्या १५-१६ मतदारसंघांत उमेदवार पक्षांतर्गत मतदानाने निवडण्याचे ठरवले. महाराष्ट्रातील वर्धा आणि लातूर हे त्यांत होते. वर्ध्यात लढत झाली ती सागर मेघे आणि चारुलता टोकस यांच्यात. सागर हे तेव्हाचे विद्यमान खासदार दत्ता मेघे यांचे पुत्र. चारुलता या माजी प्रदेशाध्यक्ष आणि राजस्थानच्या राज्यपाल राहिलेल्या प्रभा राव यांच्या कन्या. मतदार होते पक्षाचे पदाधिकारी. सामान्य कार्यकर्ता बाहेर, सामान्य मतदार त्याहून बाहेर. नवख्याला दार उघडावे म्हणून योजलेल्या निवडणुकीत दोन घराण्यांचे वारस समोरासमोर आले!

पुढची कथा अधिक बोलकी आहे. सागर मेघे ती पक्षांतर्गत निवडणूक जिंकले, लोकसभेला भाजपच्या रामदास तडस यांच्याकडून हरले, आणि त्याच वर्षी मेघे कुटुंब भाजपमध्ये गेले. हरलेल्या चारुलता टोकस पक्षात राहिल्या आणि २०१९ मध्ये वर्ध्यातूनच लोकसभा लढल्या; त्यांनाही तडस यांनी हरवले. बडोद्यात पक्षांतर्गत मतदान जिंकलेले नरेंद्र रावत यांना तर मैदानच मिळाले नाही. तिथून नरेंद्र मोदी उभे राहणार हे ठरल्यावर त्यांनी मधुसूदन मिस्त्री यांच्यासाठी जागा सोडली. त्यानंतरच्या लोकसभा निवडणुकीत काँग्रेसने हा प्रयोग पुन्हा केला नाही.

यावरून पक्षांतर्गत निवडणूक हे थोतांड आहे असा निष्कर्ष काढणे सोपे आहे, आणि अनेक जुन्या नेत्यांनी तो तेव्हा समाधानाने काढलाही असेल. माझे मत वेगळे आहे. वर्ध्याचा प्रयोग फसला तो मतदारयादीमुळे. ज्यांना नेत्यांनीच पदे दिली त्यांच्याकडून नेत्यांच्या मुलांव्यतिरिक्त कोण निवडले जाणार? तरीही तिथे एक गोष्ट झाली, जी २०१८ च्या पांढुर्ण्यात झाली नव्हती. हरलेल्याला आपण कोणाकडून हरलो हे ठाऊक होते.

कायद्याने हे बंधन घातलेले नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९-अ खाली पक्षाची नोंदणी होते. उमेदवार कसा निवडावा यावर तो कायदा मौन बाळगतो. विधी आयोगाने १९९९ च्या आपल्या १७० व्या अहवालात पक्षांतर्गत लोकशाही कायद्याने सक्तीची करावी अशी शिफारस केली होती. पाव शतक होऊन गेले, ती तशीच पडून आहे. प्रत्यक्षात नवख्याचे भवितव्य दोन कागदांवर ठरते. ए आणि बी फॉर्म अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनपर्यंत निर्वाचन अधिकाऱ्याच्या हाती पडले, तर तो पक्षाचा उमेदवार. नाही तर अपक्ष. त्यांवर सही करणारा अधिकारी मतदाराला उत्तरदायी नसतो.

राखीव मतदारसंघात या पद्धतीचा घाव अधिक खोल जातो. पांढुर्ण्यात उमेदवार आदिवासी असला पाहिजे, एवढी हमी राज्यघटना देते. पण शहरात आणि भोवतालच्या संत्रापट्ट्यात कुणबी, पवार आदी समाजांची वस्ती मोठी आहे, आणि दोन्ही पक्षांच्या उमेदवारीची सूत्रे वर्षानुवर्षे गैर-आदिवासी नेत्यांच्या हाती राहिली आहेत. कोणत्या गोंड तरुणाचा आवाज विधानसभेत जावा हे गोंड मतदार ठरवत नाहीत. ते आधीच ठरलेल्या दोघांतून एकाला निवडतात. २०२३ मध्ये मतपत्रिकेवर दोन्ही प्रमुख पक्षांचे ‘उईके’ होते. त्यांतला एक न्यायासनावरून उतरून आलेला होता, हे निःसंशय स्वागतार्ह. पण पक्षातल्याच इतर इच्छुकांशी त्यांनी आधी उघडपणे स्पर्धा केली असती, गावोगावी जाऊन आपल्या लोकांची मते मिळवली असती, तर तीन महिन्यांच्या मोहिमेला पायाही मिळाला असता आणि पक्षातले नाराजही बोटावर मोजता आले असते.

त्या तीन महिन्यांत सरकारने आपल्या परीने हातभार लावला होता. यादीनंतर आठवड्यानेच, २४ ऑगस्टला, तेव्हाचे मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी सौंसरजवळच्या जामसावळी येथे हनुमान लोकाच्या भूमिपूजनाला येऊन पांढुर्णा जिल्ह्याची घोषणा केली. आचारसंहिता लागण्याच्या चारच दिवस आधी, ५ ऑक्टोबरला, पांढुर्णा आणि सौंसर मिळून नवा जिल्हा अस्तित्वात आला. लोकांनी जिल्हा घेतला आणि मते काँग्रेसला दिली. मराठी माणूस हिशेबाला पक्का असतो, तो असा.

सौंसरकडे पाहिले तर वारसा किती चिवट असतो ते दिसते. विजय चौरे हे त्याच मतदारसंघाचे आमदार राहिलेले रेवनाथ चौरे यांचे पुत्र. मोहोड यांचाही तिथला वावर जुना. बोरगावचे कारखाने आले, रस्ते रुंद झाले, कामासाठी नागपूरला जाणारी नवी पिढी आली. मतपत्रिकेवर मात्र दोन निवडणुकांत तीच जोडी. यात दोष व्यक्तींचा नाही. ज्या पक्षात तिकिटासाठी खुली स्पर्धाच नसते, त्यात तिसऱ्या नावाला आपला जोर दाखवायची जागा कुठे आहे?

भाजपच्या बाजूने एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. हरलेल्या आव्हानवीराला पुन्हा संधी देण्याची तयारी त्या पक्षाने छिंदवाड्यात दाखवली. विवेक ‘बंटी’ साहू कमलनाथ यांच्याकडून छिंदवाडा विधानसभेत दोनदा हरले, २०१९ च्या पोटनिवडणुकीत आणि २०२३ मध्ये. तरीही २०२४ मध्ये त्यांना लोकसभेची उमेदवारी मिळाली आणि त्यांनी विद्यमान खासदार नकुलनाथ यांना १ लाख १३ हजारांहून अधिक मतांनी हरवले. १९९७ ची पोटनिवडणूक सोडली तर १९८० पासून नाथ कुटुंबाकडे असलेली जागा अशी गेली. दुसरीकडे अमरवाड्यात पक्षाने उलटा मार्ग घेतला. काँग्रेसचे आमदार कमलेश शाह यांनाच आपल्यात ओढले आणि जुलै २०२४ च्या पोटनिवडणुकीत ते ३,०२७ मतांनी निवडून आले. काही महिन्यांपूर्वी त्यांच्याविरुद्ध राबलेल्या भाजप कार्यकर्त्यांना आता त्यांच्यासाठी राबावे लागले. त्यांचे मत कोणी विचारले होते?

हे शेवटचे वाक्य वाचून गोमंतकीय वाचकाला काही आठवले असेल. १४ सप्टेंबर २०२२ रोजी काँग्रेसचे आठ आमदार एकगठ्ठा भाजपमध्ये गेले, तेव्हा त्या मतदारसंघांतल्या भाजप कार्यकर्त्यांचीही हीच गत झाली. त्याच वर्षी पणजीत उत्पल पर्रीकर यांना उमेदवारी नाकारली गेली. ते अपक्ष लढले आणि बाबूश मोन्सेरात यांच्याकडून ७१६ मतांनी हरले. त्या दोघांत पणजीच्या भाजप सदस्यांना कोण हवा होता, हे सदस्यांचे मतदान घेऊन एका दुपारी कळले असते. सांत आंद्रेत वीरेश बोरकर या नवख्याने विद्यमान आमदाराला ७६ मतांनी हरवले, पण त्यासाठी त्यांना नव्या पक्षाचा आसरा घ्यावा लागला. पांढुर्ण्यासारख्या मतदारसंघात दोन लाखांवर मतदार आहेत. आपल्याकडे सरासरी तीस हजारांच्या आत. पक्षांतर्गत मतदान घ्यायला गोव्याइतके सोयीचे राज्य देशात क्वचितच सापडेल.

गोव्यात पुढची विधानसभा निवडणूक २०२७ मध्ये, मध्य प्रदेशात २०२८ मध्ये आहे. इच्छुकांचे वाढदिवस, फलक आणि दिल्लीच्या फेऱ्या दोन्हीकडे सारख्याच चालतात, आणि पणजीत काय किंवा पांढुर्ण्यात काय, त्या दिवशी दुपारी तीन वाजेपर्यंत कोणाच्या हातात ए-बी फॉर्म येतो याचीच सगळे वाट पाहत असतात.