पहिला नंबर मोठा की मोठा करंडक?



प्रगतिपुस्तक हातात पडलं की पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला, "मॅडम, कितवा नंबर?" शिष्यवृत्तीचा निकाल लागला की प्रश्न बदलतो, "यादीत नाव आलं का?" हे दोन प्रश्न दोन वेगळ्या गोष्टी मोजतात. टेनिसचं उदाहरण घेतलं की ते चटकन लक्षात येतं.

टेनिसपटूची कारकीर्द मोजायच्या पट्ट्या दोन. एक जागतिक क्रमवारी. ती मागच्या ५२ आठवड्यांच्या गुणांवर ठरते. वर्ष उलटलं की जुने गुण गळतात, पुन्हा कमवावे लागतात. म्हणजे ही सातत्याची मोजणी. दुसरी पट्टी ग्रँड स्लॅम विजेतेपदाची. ऑस्ट्रेलियन, फ्रेंच, विम्बल्डन आणि यूएस ओपन या चारच स्पर्धा. एकेरी जिंकायची तर दोन आठवड्यांत सलग सात सामने जिंकावे लागतात. एक हरला की घरी. ही ऐन वेळच्या कसाची मोजणी.

दोन्ही पट्ट्या एकच उत्तर देतील असं नाही. चिलीचा मार्सेलो रिओस १९९८ मध्ये पहिल्या क्रमांकावर पोचला, पण एकेरीचं एकही ग्रँड स्लॅम त्याला जिंकता आलं नाही. उलट स्वित्झर्लंडच्या स्टॅन वावरिंकाने तीन जिंकली, पण क्रमवारीत तो तिसऱ्याच्या वर कधी गेला नाही. गोरान इव्हानिसेविच २००१ साली विम्बल्डनला आला तेव्हा १२५ वा होता. आयोजकांनी खास प्रवेश दिला म्हणून खेळला आणि जिंकला!

मग थोर कोण? माझं मत स्पष्ट आहे, एका पट्टीने हे ठरवूच नये. डेन्मार्कची कॅरोलिन वॉझनियाकी २०१० मध्ये अव्वल झाली. "पण ग्रँड स्लॅम कुठंय?" हा प्रश्न पुढे सात वर्षं तिच्या पाठीशी होता. २०१८ च्या ऑस्ट्रेलियन ओपनच्या अंतिम सामन्यात समोर होती सिमोना हालेप. तीही तेव्हा अव्वल, आणि तिच्याकडेही ग्रँड स्लॅम नाही! तीन सेटच्या झुंजीत वॉझनियाकी जिंकली. त्याच वर्षी हालेपने फ्रेंच ओपन जिंकली. पण समजा, वॉझनियाकी त्या दिवशी हरली असती, तर आधीची सगळी मेहनत खोटी ठरली असती का?

आणखी एक गोष्ट मला फार आवडते. दुखापतीमुळे सहा महिने किंवा जास्त काळ बाहेर राहिलेल्या खेळाडूला संरक्षित क्रमांक मागता येतो. नंबर घसरला तरी परतल्यावर काही स्पर्धांत त्याला जुन्या जागेच्या आधारावर प्रवेश मिळतो. इतक्या कठोर क्रमवारीलाही कळतं की खाली गेलेला प्रत्येक जण कमी पडलेला नसतो.

आपल्या वर्गात अशी सोय आहे का? आजारपणात दोन महिने बुडालेलं मूल परत येतं आणि आपण त्याला थेट नंबर विचारतो. रोजचा गृहपाठ नेटका करणारी मुलगी एका पेपरात अडखळते आणि "हिला जमत नाही" असा शिक्का बसतो.

नंबर विचारा, त्यात गैर काही नाही. फक्त तो सांगताना वर्षभर काय झालं, तेही सांगूया. आणि पालकांनो, पुढच्या वेळी आधी एवढंच विचारा, "मागच्या वेळेपेक्षा काय सुधारलं?"