रोंविलेला दांत

१९६५ सालीं स्वीडनमध्यें डॉ. ब्रोनेमार्क यांनीं टायटेनियमच्या स्क्रूंवर एका रुग्णाचे दांत बसविले. कवळीला कंटाळलेल्यांस इम्प्लांटचा हा मोठाच आधार झाला. परंतु खऱ्या दांताभोंवतींचें संवेदनाक्षम वेष्टन या दांतास नसतें; त्यामुळें हिरडी सुजून आंतलें हाड झिजूं लागलें तरी तो पुष्कळदां ठणकतच नाहीं. खालच्या जबड्यांतील मज्जातंतु दुखावल्यास ओंठ बधिर होतो, चहा ओघळलेला समजत नाहीं, आणि घरांतील वडील माणूस पंगतीस बसण्याचें टाळूं लागतें. मुलांनीं एवढा खर्च केला, आतां तक्रार कशी करावी, हा त्यांचा संकोच. (यास आम्ही समंजसपणा म्हणणार नाहीं.) हिरडींतून रक्त दिसतांच घरच्यांनीं त्यांस दंतवैद्याकडे न्यावें, बधिरपणा शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशींही राहिला, तर त्याच दिवशीं.