नळी लांबवून रानडुक्कर हटणार नाही

मका कणसात आला की रानडुकरांचा कळप एका रात्रीत उभं पीक लोळवून जातो. सकाळी बांधावर उभ्या राहिलेल्या शेतकऱ्याचा जीव किती तळमळतो, हे सांगायला नको. पण शेतकरी बंधूंनो, त्या संतापाच्या भरात परवान्याची बंदूक लोहाराच्या किंवा लेथवाल्याच्या हाती देऊ नका.

पीक संरक्षणासाठी कायद्याने मुळात ठासणीची बंदूक धरली आहे. तिने भागत नाही अशी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री पटली, तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक मिळू शकते. त्यातलाच एक प्रकार म्हणजे बारा बोअरची पंप बंदूक. तिच्या मुख्य नळीखाली आणखी एक नळी असते. तीत काडतुसे एकामागे एक बसतात आणि स्प्रिंग त्यांना मागे रेटते. ही खालची नळी लांबवली की काडतुसे जास्त मावतात. अमेरिकेत अशी जोडनळी दुकानात मिळते, लोक घरी बसवतातही. मोबाइलवर ते पाहून आपल्याकडे कुणाला वाटेल, दोन तासांचं काम, करून टाकू! पण त्याच अमेरिकेत बदकांसारख्या स्थलांतरित पक्ष्यांच्या शिकारीला जाताना नळीत गुल्ली घालून बंदूक तीन काडतुसांपुरतीच ठेवावी लागते, हेही ध्यानात घ्या.

आपल्याकडे 1959 चा शस्त्र कायदा आहे. त्यात शस्त्राचे सुटे भागसुद्धा शस्त्रातच मोडतात. बंदूक बनवणे, बदलणे, दुरुस्त करणे हा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर या गुन्ह्याला कमीत कमी सात वर्षे आणि जास्तीत जास्त जन्मठेप आहे. पूर्वी हीच शिक्षा तीन ते सात वर्षे होती. शिवाय निवडणुकीत बंदूक ठाण्यात जमा करायची वेळ आली, की केलेला बदल पोलिसांच्या नजरेस पडलाच म्हणून समजा. मग कारागीरही गोत्यात आणि मालकही.

कायदा घटकाभर बाजूला ठेवू. नळी नीट जुळली नाही, आत किस राहिला किंवा स्प्रिंग अडली, तर काडतूस मध्येच अडकते. बंदूक रिकामी झाली असं समजून माणूस ती घरात खुंटीला लावतो आणि घरात पोरंबाळं असतात. पुढचं सांगायला नको.

आणि एवढं करून पदरात काय पडणार? पहिला बार झाला की कळप उधळतो. उरलेली काडतुसे अंधारात झाडायची, तर शेजारच्या मचाणावर राखणीला कोण बसलंय ते दिसतं का? रानडुक्कर वन्यजीव कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहे. उभ्या पिकाला उपद्रव असेल तर त्याला मारण्याची परवानगी मिळू शकते, पण ती वनखात्याकडून लेखी घ्यावी लागते. नुसता बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे.

तेव्हा नुकसान दिसताच त्याच दिवशी वनखात्याला लेखी कळवा, फोटो काढा, अर्जाची पोच घ्या. चार-पाच शेजाऱ्यांनी मिळून सौर कुंपणाचा विचार करा. तारेत घरची लाइन मात्र सोडू नका, तिने माणसं मरतात.

सरपंच, पोलीस पाटील, महसूल आणि कृषी खात्याच्या मंडळींनाही एक विनंती. वेळेवर पंचनामा झाला, भरपाई हातात पडली आणि परवानगीचा अर्ज टेबलावर अडकून पडला नाही, तर शेतकरी लेथवाल्याचं दार कशाला ठोठावील? त्याला त्या दारापर्यंत न जाऊ देणं तुमच्याच हातात आहे.