धोरण एक, साधनें अनेक

शेती हा धंदा समजून करावा, असें आपण सभांतून नेहमीं म्हणतों. परंतु धंद्यास धोरण लागतें व तें वर्षानुवर्षें सांभाळावें लागतें, ह्याचा विचार आपल्यांत क्वचितच होतो. ह्या बाबतींत नागपूरच्या एम्प्रेस मिलचा इतिहास कास्तकार बंधूंनीं अवश्य ध्यानांत घ्यावा.

१८७४ सालीं जमशेटजी टाटा यांनीं ह्या गिरणीची कंपनी काढली, तेव्हां कापडगिरण्या मुंबईसच असावयाच्या, अशी व्यापाऱ्यांची समजूत होती. जमशेटजींनीं नागपूर पसंत केलें. कापूस ह्या प्रांतांत पिकत होता, रेल्वे १८६७ सालींच येथें पोंचली होती आणि वरोऱ्याचा कोळसाही दूर नव्हता. पाणथळ जागेंत भराव पडूं लागला, तेव्हां हा गृहस्थ सोनें मातींत घालीत आहे, असें म्हणून एका सावकारानें पैसा देण्याचें नाकारलें. पुढें त्यालाच आपलें म्हणणें फिरवावें लागलें, अशी गोष्ट प्रसिद्ध आहे.

१ जानेवारी १८७७ रोजीं गिरणी सुरू झाली. पहिलीं यंत्रें हलक्या प्रतीचीं ठरलीं, तीं बदललीं. रिंग पद्धतीच्या नव्या चात्या निघाल्या, त्या करून पाहिल्या. बेझनजी मेहता रेल्वेच्या नोकरींतले. तरी त्यांची योग्यता ओळखून व्यवस्था त्यांच्याकडे सोंपविली. यंत्रें बदललीं, रीती बदलल्या. कापसाच्या शेजारीं राहून माल काढण्याचें धोरण मात्र बदललें नाहीं.

आपल्याकडे ह्याच्या नेमकें उलट. महसूल खात्यांत आम्हीं पुष्कळ वर्षें पीकपाहणीचे तक्ते लिहिले. गेल्या सालचा भाव पाहून यंदाचें पीक, हा क्रम त्यांत वारंवार दिसे. अवजारें, बियाणें व विक्रीची रीत मात्र आजोबांचीच! संत्र्याचें झाड फळावर येण्यास पांच-सहा वर्षें लागतात. मध्येंच कापसाचा भाव चढला म्हणून जो बाग तोडतो, त्याचा खर्चही बुडतो आणि वर्षेंही बुडतात.

जमिनीचा कस राखण्यासाठीं केलेली फेरपालट आम्ही वाईट म्हणत नाहीं. ती धोरणांतलीच आहे. भावामागें धांवणें निराळें.

तसेंच, धोरण ठरविलें म्हणजे काम संपलें, असेंही नाहीं. एम्प्रेस मिल १९८६ सालीं राज्य सरकारच्या महामंडळाकडे गेली व २००२ सालीं बंद पडली. पूर्वजांची दूरदृष्टि पुढच्यांस आयती पुरत नाहीं.

म्हणून आमची सूचना अशी: आपली जमीन, विहिरीचें पाणी, घरचें मनुष्यबळ व जवळची बाजारपेठ पाहून दहा वर्षांचें धोरण प्रत्येकानें चार ओळींत लिहून काढावें. दर गुढीपाडव्यास, सालदार ठरवितांना, तो कागद घरांतील मंडळींपुढें वाचावा. साधनें खुशाल बदलावीं. विहीर आटली, बाजार हलला, म्हणजे ज्या पायावर धोरण उभें तोच ढळला, तरच धोरण बदलावें. केवळ शेजाऱ्यास दोन रुपये अधिक मिळाले म्हणून बदलूं नये.