बांधावरचं झाड विकण्याआधी



उन्हाळ्यात लाकडाचा व्यापारी गावात येतो, बांधावरच्या बाभळीकडे बघून एक आकडा सांगतो. पेरणी तोंडावर असते, हातात पैसा नसतो, सौदा होतो. असं करत करत कित्येक शिवारं पार उघडी पडली. म्हणून व्यापाऱ्याला हो म्हणण्याआधी चार गोष्टी ऐकून घ्या, एवढीच विनंती आहे.

झाडाजवळ पीक येत नाही, हे तुमचं म्हणणं खरं आहे. बाभळीलगतच्या चार तासांत ज्वारी खुरटी राहते. मुळं ओल ओढतात, सावली पडते, ट्रॅक्टर वळवायला अडचण होते. दोन-तीन एकरांच्या कोरडवाहू शेतकऱ्याला तेवढं नुकसानही जड जातं. बटाईने कसणारा तर झाड लावणारच नाही, कारण फळ यायच्या आत जमीन दुसऱ्याकडे गेलेली असेल. ही अडाणीपणाची लक्षणं नाहीत, हा हिशेब आहे. पण या हिशेबात जमेची बाजू अर्धीच धरली जाते.

कडुनिंबाचंच बघा. उन्हाळ्याच्या शेवटी झाडाखाली निंबोळ्यांचा सडा पडतो आणि तसाच मातीत जातो. त्या गोळा करून वाळवा. पाच किलो निंबोळी कुटून रात्रभर पाण्यात भिजवली, सकाळी गाळून शंभर लिटर पाणी केलं की पाच टक्के निंबोळी अर्क तयार होतो. कापूस-हरभऱ्यावरच्या सुरुवातीच्या फवारण्या त्यात निघतात. हेच औषध दुकानातून बाटलीत आणायला आपण पैसे मोजतो.

पाखरांचंही तसंच. ज्वारी दाण्यात आली की पाखरं कणसं खातात, तेव्हा राखण करावीच लागते. पण हरभऱ्यात घाटेअळी पडली की कृषी खातं शेतात पक्षीथांबे उभारायला सांगतं, म्हणजे कोतवाल, साळुंकी येऊन बसतील आणि अळ्या टिपतील. बांधावर झाड असेल तर त्यांना बसायला जागा आधीपासूनच असते.

आणि बायकांना विचारा. ऑक्टोबरच्या उन्हात कापूस वेचणारीला भाकरी खायला, लेकराची झोळी बांधायला शिवारात सावली उरली आहे का? ही सावली कुठल्याच हिशेबात धरली जात नाही, कारण हिशेब मांडणारा बहुधा पुरुष असतो.

आता नुकसान कमी कसं करायचं ते सांगतो. हिवाळ्यात आपल्याकडे सूर्य दक्षिणेकडून जातो, त्यामुळे सावली उत्तरेला पडते. म्हणून दक्षिणेच्या बांधावरचं उंच झाड रब्बीचं पीक दाबतं, उत्तरेच्या बांधावरचं दाबत नाही. उत्तरेला रस्ता, ओढा किंवा पडीक असेल तर जागा उत्तम. तिकडे भावकीचं शेत असेल तर खड्डा घेण्याआधी त्यांच्याशी बोला, नाहीतर झाड जगेल आणि बोलणं तुटेल. रब्बी पेरण्याआधी खालच्या फांद्या छाटा, त्यातून सरपण आणि चारा मिळतो. झाड आणि पीक यांच्यामध्ये गुडघाभर खोल चर काढला की आडवी मुळं तुटतात. बांधावर गिरिपुष्प लावलं तर त्याचा कोवळा पाला कापून सरीत टाका, हे हिरवळीचं खत आहे. पन्नास रोपं लावून उन्हाळ्यात शेळ्यांच्या तोंडी देण्यापेक्षा पाच लावा आणि पाचांना काटेरी कुंपण करा. दुसरा उन्हाळा निघाला की निम्मी काळजी मिटते.

लाकडासाठी ठोक लागवड करायची असेल तर आधी गिऱ्हाईक शोधा. निफाडच्या विनायकराव पाटलांनी 1980 च्या दशकात निलगिरी लावणाऱ्यांची सहकारी संस्था उभी केली होती. एकट्या शेतकऱ्याला वखारवाला सांगेल तोच भाव मिळतो.

कायद्याची भीती मात्र अनेकांना झाडापासून दूर ठेवते. 1964 च्या वृक्षतोड नियमन कायद्याप्रमाणे साग, आंबा, चिंच, जांभूळ, मोह, खैर अशी काही झाडं स्वतःच्या शेतातली असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. आपण लावलेल्या सागासाठी हेलपाटे घालावे लागणं चुकीचं आहे आणि ही परवानगी सोपी व्हायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे. तोवर, लवकर पैसा हवा असेल त्यांनी बांबूचा विचार करावा. 2017 च्या दुरुस्तीनंतर वनक्षेत्राबाहेरचा बांबू वन कायद्याच्या व्याख्येत झाड राहिलेला नाही.

शेवटचं एक काम. मोबाइलवर ई-पीक पाहणी करताना बांधावरची झाडंही नोंदवता येतात. बांधाचा वाद झाला किंवा रस्त्यात जमीन गेली, तर मोबदला मागताना ही नोंद हाताशी असावी. यंदा पीक नोंदवाल तेव्हा झाडं सोडू नका.