एक 'ओ' जास्त झाला!
गेल्या आठवड्यात एका एडिटरला इंग्लिशमध्ये मेल टाकला, 'ही असाइनमेंट मला लूज करायची नाहीये.' घाईत 'ओ' दोनदा पडला. एक 'ओ' म्हणजे गमावणं, दोन 'ओ' म्हणजे सैल! स्पेलचेक गप्प, कारण दोन्ही शब्द डिक्शनरीत आहेत. बोलताना आपण दोन्हींना 'लूज'च म्हणतो, घोळ होतो तो तिथे. असाइनमेंट गेलीच.

आणि मी कोण? मैत्रिणीने 'शिक्षक दीन' लिहून शुभेच्छा दिल्या, तेव्हा ग्रुपवर सगळ्यांसमोर तिची खेचणारी! दिन म्हणजे दिवस, दीन म्हणजे बिचारा. तेव्हापासून तिने मराठीत टाइप करणंच सोडलंय. परवा फोन करून सॉरी म्हटलं. चूक जरूर सांगा बॉस, पण चारचौघांत नको!