शिवडेला कोणी विचारलं होतं का?

ऑगस्ट २०१८ आठवतोय का? १५ तारखेला पिंपरी-चिंचवडचं स्वतंत्र पोलीस आयुक्तालय सुरू झालं आणि दोन-तीन दिवसांतच त्यांच्याकडे एक भलतंच प्रकरण आलं. पिंपळे सौदागर परिसरात रातोरात जवळजवळ ३०० फलक लागले होते. खांबांवर, दुभाजकांवर, चौकाचौकात. सगळ्यांवर मजकूर एकच, ‘शिवडे, आय ॲम सॉरी’, आणि बदामाचं चित्र. लावणाऱ्याचं नाव नाही, फोन नंबर नाही, कुठल्या पक्षाचं चिन्ह नाही.

आपल्या पट्ट्यात फ्लेक्सचं काय नवल? मी पहिलीला शिकवत होते तेव्हा काही मुलांना ‘घर’ वाचायच्या आधी ‘वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा’ ओळखता यायचं. शाळेच्या वाटेवर तेच लागलेलं असायचं. पण फ्लेक्स आहे आणि त्यावर भाऊ नाहीत, दादा नाहीत, हात जोडलेला फोटो नाही, हे मात्र नवीन होतं. त्यामुळे फोटो निघाले आणि दुपारपर्यंत प्रत्येकाच्या मोबाईलवर पोहोचले.

आमच्या स्टाफरूममध्ये त्या दिवशी डबे उघडे राहिले आणि चर्चा रंगली. एक सर म्हणाले, नक्की सिनेमाची जाहिरात. दुसऱ्या बाई म्हणाल्या, बिल्डरची स्कीम असणार, उद्या दुसरा फ्लेक्स लागेल बघा. मी अगदी छातीठोकपणे सांगितलं की कुठल्यातरी नेत्यानं रुसलेल्या कार्यकर्त्याची माफी मागितली आहे. एका वाक्याच्या फलकावर आम्ही सात जणांनी सात गोष्टी रचल्या, आणि प्रत्येकाला आपलीच खरी वाटत होती.

मग बातमी आली. महापालिकेनं पोलिसांना कळवलं, वाकड पोलिसांनी शोध घेतला, आणि निघाला एक पंचविशीतला तरुण. मैत्रिणीशी भांडण झालेलं. ती मुंबईहून येणार होती, त्या रस्त्यानं जाणार होती, म्हणून तिला दिसावं यासाठी हे सगळं. खर्चाचा आकडा वर्तमानपत्रांत ७२ हजार आला होता. विनापरवाना फलक लावून शहर विद्रूप करण्याविरुद्ध महाराष्ट्रात १९९५ चा कायदा आहे, ही माहितीही त्या निमित्तानं अनेकांना पहिल्यांदा मिळाली. (वाढदिवसाच्या फ्लेक्सना तो कायदा कधी दिसतो, हा विषय वेगळा.)

मग काय, विनोदांचा नुसता पाऊस. ‘शिवडे, आता तरी माफ कर’, ‘शिवडे, महापालिकेसाठी तरी ये’. मीही हसले, मीही पाठवले. त्या पोराचं कौतुक करणारेही खूप होते. काय प्रेम आहे बघा म्हणे! पण आमच्या स्टाफरूममध्ये एकानंही, मी धरून, एक साधा प्रश्न विचारला नाही. ज्या मुलीचं नाव ३०० खांबांवर लागलं, तिला हे हवं होतं का? भांडण दोघांचं. माफी एका खोलीत, फार तर एका फोनवर मागता आली असती. आता ती घरातून बाहेर पडली की शहर तिच्याकडे बघणार. माफ केलं तरी चर्चा, नाही केलं तर ‘किती कठोर आहे बाई’. ती रुसकी आहे, ती नखरेल आहे, हे सगळं आम्हीच ठरवून टाकलं होतं. फलकावर तर तीनच शब्द आणि एक नाव होतं.

हे आज का लिहितेय? कारण अर्धवट गोष्ट हातात आली की उरलेली आपण भरून काढतो, आणि भरताना आपल्याला आपण भरतोय हे कळतही नाही. मुलांना आपण गाळलेल्या जागा भरायला शिकवतो. पण जिथे माहीत नाही तिथे जागा मोकळी सोडायलाही शिकवावं लागतं. ते आपण शिकवत नाही.

आणि दर वेळी गोष्ट हसण्यावारी जात नाही. त्या फलकांच्या दीड महिना आधी, १ जुलै २०१८ ला, धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात आठवडे बाजाराच्या दिवशी पाच माणसांना जमावानं ठार मारलं. भिक्षा मागून पोट भरणारी, नाथपंथी डवरी गोसावी समाजातली माणसं ती, मंगळवेढ्याकडची. मुलं पळवणारी टोळी आली आहे असे मेसेज त्या भागात फिरत होते. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं. मी या दोन घटना एका तराजूत घालत नाहीये, कृपया तसं वाचू नका. पण माणसाचं डोकं दोन्हीकडे एकाच रीतीनं चाललं. समोर अनोळखी माणूस, खिशात अर्धवट मेसेज, मधली जागा आपण भरली.

त्याच सुमारास देशभर एक व्हिडिओ फिरत होता. गल्लीत मुलं खेळताहेत, मोटरसायकलवरून दोघं येतात आणि एका पोराला उचलून नेतात. बघून अंगावर काटा यायचा. माझ्याही भावकीच्या ग्रुपवर तो आला होता. तो मुळात पाकिस्तानातल्या कराचीतला, पालकांना सावध करण्यासाठी मुद्दाम बनवलेला जनजागृतीचा व्हिडिओ होता. पूर्ण व्हिडिओत ते मोटरसायकलवाले परत येतात, पोराला खाली सोडतात आणि हातात पाटी धरतात. मूल पळवायला क्षणभर पुरतो, अशा अर्थाचं त्यावर लिहिलेलं होतं. कुणीतरी ते शेवटचं कापलं. बस, एवढंच केलं. त्या जुलैमध्येच व्हॉट्सॲपनं आधी ‘फॉरवर्ड केलेला’ ही खूण आणली आणि मग भारतात एका वेळी पाच ठिकाणीच मेसेज पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घालायला सुरुवात केली. म्हणजे कंपनीलाही कळलं होतं की हे प्रकरण हाताबाहेर चाललंय.

चाकण, भोसरी, तळवडे भागात शिकवणाऱ्यांनी हे जरा जास्तच मनावर घ्यायला हवं असं मला वाटतं. आपल्या वर्गाच्या हजेरीपटावर बघा. लातूर, बीड, नांदेड, बुलढाणा, आणि बिहार, उत्तर प्रदेश सुद्धा. कंपनीच्या कॉन्ट्रॅक्टवर आई-बाप आलेले, अकरा महिन्यांनी खोली बदलणारे. आपल्याकडे अनोळखी माणूस म्हणजे शेजारी. त्याच्याबद्दल कुणी अर्धा मेसेज टाकला तर उरलेला अर्धा भरायला अख्खी चाळ तयार असते.

हे सगळं मला फार आधीच कळलं होतं असं मुळीच नाही. मला कळलं ते माझी चूक झाल्यावर.

मागच्या वर्षी स्नेहसंमेलनात माझ्या चौथीतली एक मुलगी नाटकात वाक्य विसरली. विसरली म्हणजे तोंड उघडंच राहिलं, डोळे मोठे झाले, आणि मग भोकाड. दोन-तीन सेकंदांचा प्रकार. कुठल्यातरी पालकानं व्हिडिओ काढलेला, त्यातून कुणीतरी तेवढेच दोन सेकंद कापून स्टिकर केलं. खाली अक्षरं, ‘सोमवार आला’. खरं सांगते, विनोदी होतं. पालकांच्या ग्रुपवर आलं, मी हसले, आणि माझ्या डीएडच्या मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकलं. पाच वर्षांत जेवढी दाद माझ्या एकाही शैक्षणिक पोस्टला मिळाली नाही, तेवढी त्या स्टिकरला मिळाली.

मुलगी तीन दिवस शाळेत नाही. चौथ्या दिवशी तिची आई आली. कंपनीत पॅकिंगला आहे, पहिली पाळी बुडवून आली होती. मी म्हटलं, “ताई, बरं नाही का तिला?” त्या म्हणाल्या, “मॅडम, आमच्या लाइनवरच्या बाईकडं ते चित्र आलंय. तिला तिच्या भाचीनं धाडलं. भाची दुसऱ्या शाळेत मॅडम आहे.” एवढंच बोलल्या. आवाज चढवला नाही, आरोप केला नाही. भाचीचं नाव सांगितलं आणि मला कळलं की ती माझ्याच डीएडच्या ग्रुपमधली आहे.

मी ग्रुपवरचं डिलीट केलं. ते कसलं डिलीट होतंय? ज्यांनी ठेवलं त्यांच्याकडे ते राहिलंच. मग मला वाटलं, जाहीर माफी मागावी. पालकांच्या ग्रुपवर व्यवस्थित चार ओळी लिहाव्यात, मुलीचं नाव घेऊन. मसुदा लिहिलाही. छान जमला होता, वाचून लोक म्हणाले असते, काय मोठ्या मनाच्या मॅडम आहेत. पाठवायच्या आधी, नशीब माझं, मुलीला विचारलं. म्हटलं, “मी सगळ्यांसमोर तुझी माफी मागू का गं?” ती खाली बघून म्हणाली, “ग्रुपवर नका टाकू मॅडम.”

मला तिथं बसल्या जागी पिंपळे सौदागरचे ३०० फलक आठवले. मीही चौकात बोर्डच लावायला निघाले होते. तिला कमीत कमी लोकांनी बघावं एवढंच तिला हवं होतं आणि मी तिला पुन्हा सगळ्यांसमोर उभी करणार होते. माफी तिच्यासाठी आणि टाळ्या माझ्यासाठी. शेवटी तिच्या घरी जाऊन, तिच्या आईसमोर, तिला सॉरी म्हटलं. चहा झाला. मुलगी दुसऱ्या दिवशी आली.

त्यानंतर वर्गात मी एक तास घेतला. तिचा विषय अजिबात काढला नाही. फळ्यावर फक्त लिहिलं, ‘गणू, मला माफ कर.’ मुलांना म्हटलं, हे आपल्या गल्लीत भिंतीवर लिहिलेलं दिसलं. काय झालं असेल, लिहा. दहा मिनिटं. कुणी लिहिलं गणूची सायकल चोरली, कुणी लिहिलं गणू मेला, एकानं लिहिलं की गणू हा कुत्रा आहे आणि त्याला दगड मारला. मग प्रत्येकाला विचारलं, तुझी गोष्ट खरी असेल असं किती वाटतं? जवळजवळ सगळ्यांना वाटत होतं. एक पोरगा तर ‘मला म्हायतीच आहे’ म्हणाला! मग विचारलं, यातलं फळ्यावर किती आहे आणि तुमच्या मनातलं किती? आणि मग शेवटचं. आता तुम्ही गणू आहात. शाळेत यायला निघालात आणि भिंत बघितली. काय वाटलं ते लिहा. वर्ग एकदम गप्प झाला. कुत्र्याची गोष्ट लिहिणाऱ्यानं लिहिलं, ‘मी दुसऱ्या रस्त्यानी जाईन.’

हा तास कुठल्याही वर्गाला घेता येतो. साहित्य काही लागत नाही, खडू लागतो. सहावी-सातवीला कराचीच्या व्हिडिओची हकीकत सांगून ‘शेवट कापला तर अर्थ कसा बदलतो’ हे चित्रकथेवर करून घेता येईल. चार चित्रं द्या, चौथं लपवा.

काही सहकाऱ्यांचं म्हणणं असतं की यासाठी सायबर सुरक्षेची व्याख्यानं होतातच. होतात. ओटीपी सांगू नका, पासवर्ड सांगू नका, अनोळखी लिंक उघडू नका. ते हवंच. पण त्या सगळ्यात मूल हे फसवलं जाणारं आहे असंच धरलेलं असतं. पाठवणारं मूल कुणी बघत नाही. आपल्या चौथीच्या मुलांकडे बँकेचं खातं नाही, ओटीपी नाही. पण बाबा रात्रपाळी करून झोपलेले असताना त्यांचा मोबाईल पोरांच्याच हातात असतो, आणि त्यात स्टिकर बनवायची सोय असते. म्हणून हे संगणकाच्या तासाचं काम नाही, भाषेच्या तासाचं आहे. वाक्य कुणी लिहिलं, कुणासाठी, काय सांगितलं नाही, हे मराठीच्या तासाला नाही विचारायचं तर कधी?

दुसरा आक्षेप असा की मग मुलांनी गंमत करायचीच नाही का? करायची की. मी स्वतः एक एप्रिलला वर्गात फसले आहे, खुर्चीवर खडूची पूड होती आणि पंजाबी ड्रेस काळा होता. हसलेही. ती गंमत करणारा पोरगा समोर बसलेला होता, माझा चेहरा बघत होता. मी चिडले असते तर त्याला लगेच कळलं असतं आणि त्यानं फडकं आणलं असतं. स्टिकर पाठवणाऱ्याला समोरचा चेहरा दिसत नाही, ही त्यातली खरी अडचण आहे. चेहरा तर स्टिकरमध्येच असतो म्हणा, पण तो दोन सेकंदांचाच.

ते स्टिकर अजून फिरतंय. गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एका काकांनी सोमवारी सकाळी टाकलं. ग्रुपवर काही न बोलता मी त्यांना स्वतंत्र मेसेज केला, काका, ही माझ्या वर्गातली मुलगी आहे, प्लीज काढाल का? त्यांनी लगेच काढलं, सॉरी म्हणाले. मग थोड्या वेळानं त्यांचा आणखी एक मेसेज आला, “मॅडम, खरंच मुलगी आहे का? मला वाटलं नेटवरचं आहे.”